वर्णन : कमाल चाळीस अक्षरं

शुक्रवारी संध्याकाळी सहाला जुनी सिस्टीम बंद केली.
नवी सोमवारी सकाळी आठला सुरू होणार,
असं मीच लिहून दिलं होतं सहीनिशी,
चौदा महिन्यांपूर्वी, एसी जरा जास्तच असलेल्या खोलीत.
मधले बासष्ट तास
रबाळ्याच्या या कारखान्याला
आपल्याकडे काय आहे ते ठाऊक नसणार.

माझ्या तक्त्यात एकशे अठरा कामं,
प्रत्येकापुढे एक रंग.
हिरवा म्हणजे झालं. पिवळा म्हणजे होईल.
लाल मी सहसा वापरत नाही.
लाल दिसला की वरचे मीटिंग बोलावतात
आणि काम आणखी दोन दिवस मागे पडतं.

काम पंच्याण्णव : साठ्याची मोजणी.
जबाबदारी : हिराजी मढवी, स्टोअर.
तीन आठवडे पिवळं.

काका वही देत नव्हते.
सिस्टीममध्ये अडीच इंची व्हॉल्व्ह एकतीस,
रॅकवर सव्वीस, वहीत सव्वीस.
‘पाच कुठे गेले?’
‘गेले नाय. आलेच नवते.
दोन हजार नवला बिल आला, माल नाय आला.
तवापासून दर मार्चला
मी पाच खोटे मोजतो.’

पुण्याहून आलेल्या सौमित्रने, वय पंचवीस,
ते पाचही फरकाच्या खात्यात टाकले.
एक एंटर.
काका त्याच्या बोटाकडे बघत राहिले.
‘संपला? एवडाच?’

शनिवारी रात्री टपरीही बंद.
थर्मासमधला चहा, लेबलांचा डिंकट वास,
आम्ही रॅकांना नावं देतोय :
ए-एक, ए-दोन, बी-एक.
वहीतली नावं वेगळीच निघाली :
मोठी खाचर. बांधावरची. उघाडी.

‘उघाडी म्हणजे?’
काकांनी खिडकीतून खाडीकडे हात केला.
खाडी दिसत नाही,
मधे सहा प्लॉट आणि एक डेटा सेंटर.
‘भरती आली की फळ्या पाडायच्या,
ओहोटीला उचलायच्या.
नायतर खारा पानी शेतान.
बापूस करायचा. हितंच असंल,
या रॅकच्या खाली कुटंतरी.
तुमचा व्हॉल्व्ह तरी दुसरा काय करतो?’

कुणी काही बोललं नाही.
प्रिंटर तेवढा लेबलं काढत राहिला.

रविवारी पहाटे तीनला डेटा अडकला,
ओळ चार हजार बारा,
कुणीतरी कधीतरी नावापुढे टाकलेला स्वल्पविराम.
एका स्वल्पविरामापायी
सात माणसं, दोन तास, एका बायकोचे चार मिस्ड कॉल.

त्या दोन तासांत मी रॅकांचा तक्ता उघडला.
कोड सी-चार. शेजारी वर्णनाचा रकाना,
कमाल चाळीस अक्षरं,
प्रत्येक रॅकपुढे रिकामा.
या बदलासाठी अर्ज हवा, तीन सह्या हव्यात,
हा नियमही मीच केलेला.

सोमवारी आठ वाजून अकरा मिनिटांनी
पहिला माल तळोज्याला निघाला.
पोऱ्याने लेबल स्कॅन केलं, पडद्यावर वाचलं,
‘सी-चार, उघाडी,’
आणि कुणालाही न विचारता
बरोबर त्या रॅककडे गेला.

वही अजून काकांच्या खणात आहे.
त्यात ते आजही लिहितात, मी पाहिलंय.
एकच जागा, एकच सत्य, एवढ्यासाठी तर
कंपनीने नऊ कोटी मोजले.

पंच्याण्णवपुढे मी हिरवा रंग भरला.