सपाट डोंगर

यंदा हिमालयातली फुलांची दरी रद्द झाली.
विद्याधरच्या डाव्या गुडघ्यात म्हणे गादीच उरली नाही.
डॉक्टर बोरगावे एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले,
चढ नको, उतार त्याहून नको.
भरलेले पैसे अर्धेच परत आले.
मग गणपतीच्या आधीच्या आठवड्यात
आम्ही आडिवऱ्याच्या वरच्या सड्यावर आलो:
डोंगरच, पण विळीवर चिरल्यासारखा सपाट,
आणि चढ सगळा रिक्षानं चढलेला.

पहिला तासभर मला काही दिसलंच नाही.
काळा कातळ, शेवाळ, डबकी,
पश्चिमेला समुद्राची राखाडी चिंधी.
मी शोधत होते फोटोतल्यासारखं
कमरेएवढं, वाऱ्यावर डोलणारं काहीतरी.
विद्याधर म्हणाला, खाली बघ,
तू त्यांच्यावर उभी आहेस.

उभीच होते.
टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे गेंद,
निळी सीतेची आसवं, मोहरीपेक्षा जरा मोठी,
आणि चिकट केसांनी चिलटं धरणारा लालभडक दवबिंदू.
कातळाच्या वाटीत बोटभर माती,
मातीवर बोटभर पाणी,
त्यात एवढा सगळा संसार, दीड महिन्याच्या भाडेकरारावर.
मी चपला काढून हातात घेतल्या.

गुडघे टेकता येत नव्हते म्हणून तो सरळ पालथा झोपला.
वजनमापं खात्यातून निवृत्त झालेला माणूस,
तीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासलेला,
ओल्या जांभ्यावर भिंग लावून पाकळ्या मोजत होता.

"काय हरावला तुमचा?"
खताच्या पोत्याची खोळ पांघरून, तीन म्हशींमागून
जानकी शिवगण आली.
तिनं काठी टेकली त्या दगडावर
चुन्यानं आकडा लिहिला होता, सत्तेचाळीस.
कुणाची मोजणी, तिला माहीत नव्हतं.
मी म्हटलं, ही बघा, सीतेची आसवं.
"माजा नाव जानकी," ती म्हणाली,
"पन आमी न्हाय रडलो हितं."

विद्याधरनं मोबाइलवर कंदीलपुष्प दाखवलं,
ज्याच्यासाठी तो मे महिन्यापासून झोपेत बडबडत होता.
तिनं फोन लांब धरला, जवळ धरला.
"ही खरपुडी. खाल्ली की."
"खाल्ली?"
"कांदा हिचा. ल्हानपनी, भाजून. जरा कडू लागते."
विद्याधरचा चेहरा असा झाला
जसं कुणी शिक्का मारलेलं वजन चुलीत टाकलं.

सड्याच्या काठाखाली दहा-बारा पावलं उतार.
तो वरच थांबला, काठीवर दोन्ही हात ठेवून.
मी जानकीचा हात धरून उतरले,
तिच्या तळव्याला घट्टा होता, माझ्या तळव्याला घाम.
तिनं काठीनं गवत दुभागलं.
होतं. एकच.
हिरवट, गळ्याशी जांभळं,
वर पाच काड्यांची टोकं जुळलेली,
आणि आत एक माशी, सुटायची वाट बघत.

"आहे का?" वरून आवाज.
"आहे!"
"लांबी?"
मी बोट लावून पाहिलं. "करंगळीची दोन पेरं!"
"तुझ्या की माझ्या?"
"माझ्या!"
"रंग?"
वारा मध्ये आला. मी दोनदा ओरडले.
"पिकलेल्या जांभळाच्या सालीच्या आतला!"
"वास?"
मी वाकून हुंगलं आणि गप्प बसले.
असा वास ओरडून कसा सांगायचा?
जानकीनंच उत्तर दिलं,
"शिळ्या भाताचा!"
वर तो लिहीत होता, मला त्याचं फक्त डोकं दिसत होतं.
ती गवत पुन्हा पहिल्यासारखं मिटवत म्हणाली,
"म्हशी हितं येयाच्या न्हाईत. मी न्हाय आनत."

रात्री खोलीत त्याच्या सदऱ्यातून तांबडे खडे निघाले,
पोटावर कातळाचे वळ.
मी खोबरेल लावत असताना त्यानं वही उघडली.
सतरा नावं, खात्याच्या त्याच वळणदार अक्षरात,
वर मथळा: पाहिलेली.
अठराव्यासाठी त्यानं पट्टीनं नवी रेघ मारली,
बराच वेळ पेन धरून बसला,
आणि लिहिलं: ऐकलेली.
खाली, खरपुडी. दोन पेरं, बायकोची.
वास, शिळा भात. प्रमाणित नाही.