डेडस्टॉक

चार्ज देताना उकंडा मेश्रामांनी
किल्ली दिली नाही, आधी रजिस्टर दिलं.
लाल कापडी पाठ, कडा कुरतडलेल्या,
आत कुणा जुन्या हेडमास्तरांचं वळणदार अक्षर:
परीक्षानळ्या एकशे चव्वेचाळीस.
बहिर्गोल भिंगं सहा.
तानकाटे चार.
मानवी सांगाडा एक, डावा हात सुटा.
शेरा: सर्व सुस्थितीत.

खाली दरसालची सही, दरसाल तोच शेरा,
सव्वीस वेळा.
"म्या एकबी फुटू देल्ली नाई, मॅडम.
फुटली त पगारातून कापत."
मी तासिकेवरची बाई, एप्रिलपर्यंतची.
माझ्या पगारातून कापायला
आधी पगार व्हायला हवा होता.

नववी ब. डिसेंबर.
अर्धा वर्ग वावरात, कापूस वेचायला.
उरलेल्यांच्या प्रयोगवह्या मात्र पूर्ण:
निळा लिटमस तांबडा झाला, सर्वांचाच झाला,
एकाच स्केचपेनानं.
मोठ्या भावाच्या वहीतली चूक
धाकट्याच्या वहीत, त्याच ओळीवर.
लिटमस कुणी पाहिलाय का, विचारलं,
तर एकमेकांकडे बघू लागली.
पाहायचा असतो?
ढ नव्हती पोरं. तेच तर.
"यावरून असे सिद्ध होते की"
इथपासून पुढचं सगळं एका सुरात तोंडपाठ,
आणि कशावरून, ते कपाटात.

मंगळवारी करिश्मा कोडापे आली चार दिवसांनी,
बोटांवर बोंडांचे ओरखडे.
कपाट उघडं पाहून दारातच थांबली.
गणितात सातवीपासून कशीबशी वर ढकललेली,
शेकडेवारी म्हटलं की मान खाली.
मी तानकाटा हातात दिला,
हुकाला डस्टर लाव म्हटलं, आणि वाच.
तिनं डस्टर लावलं नाही.
काटा डोळ्यांसमोर धरला, रिकामाच,
बराच वेळ.
"मॅडम, हा खोटा हाय."

उकंडा पुढे सरकले.
"खोटा कसा? कोनं हातबी नाई लावला त्याले."
"काईच टांगलं नाई तरी वीस दाखोते.
माही माय मालकाचा काटा आधी रिकामाच पाह्यते.
त्याचा उलटा असते, शून्याच्याबी मांगं."

शून्य त्रुटी, मी फळ्यावर लिहिलं,
आणि लिहिता लिहिता वाटलं,
हा शब्द मी पाच वर्षं शिकले,
हिच्या आईनं एका वेचणीत.
चारही काटे बाहेर निघाले,
चौघांचा खोटेपणा वेगळा.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
मालक टक्के किती मारते मंग?
"चाळिसात दोन," करिश्मा म्हणाली,
ओठ हलले थोडे, "शंभरात पाच,"
आणि मान खाली घालायची विसरली.

गुरुवारी परीक्षानळी फुटली.
आवाज बारीक, शांतता मोठी.
धीरज खंडारेच्या हातात चिमटा तसाच,
सगळा वर्ग उकंडांकडे बघत.
त्यांनी काचा कागदावर गोळा केल्या,
मोजल्यागत, एकेक.
मग चष्मा शोधला, रजिस्टर उघडलं,
वळणदार अक्षराखाली आपल्या तिरक्या हातानं लिहिलं:
परीक्षानळ्या एकशे त्रेचाळीस.
शेऱ्याच्या रकान्यात पेन थांबला.
"काय लिहू?"
झालं ते लिहा, म्हटलं.
'एक वापरताना फुटली.'
वर बघितलं त्यांनी, आणि माझ्या न सांगता
तानकाट्यांपुढचं 'सुस्थितीत' खोडलं.

गावंडे सरांनी अकरा रुपये माझ्या नावावर मांडलेत.
मांडू देत.

आज सकाळी कुलूप आधीच काढलेलं.
फळ्याशेजारी खराटा उभा, तयारीत,
आणि उकंडा सांगाड्याचा डावा हात
सुतळीनं खांद्याला बांधत होते.
"आज काय फोडता, मॅडम?"