झिजलेली नाल

होटगी रोडला माझं दुकान. म्हणजे एक चिंच,
ऐरण, भाता, फांदीला टांगलेलं जुनं लोखंड.
घोडा मला खालून कळतो.
मान, आयाळ, कपाळावरचं पांढरं
ते लोकांनी बघावं.

मंद्रूपचे गुरलिंगप्पा म्हणाले, रक्त हाय ओ, रक्त.
ह्याची आई अकलूजच्या बाजारात गाजलेली.
गळ्याखाली देवमण बघा.
ही चाल पोटातनंच आणलीय त्यानं.
माशाच्या पिलाला पोहायला कोण शिकवतं?

दस्तगीर चाबुकस्वार बिडी विझवत हसला.
पोटातनं आणला तो नुसता तडफडाट.
पहिल्या दिवशी मला बाभळीत फेकलं,
दुसऱ्या दिवशी बुजला, आपल्याच सावलीला.
दोन वर्षं सीनेच्या वाळूत फिरवलाय, पहाटे चारला.
ओठाला एक जखम दाखवा.

दोघं माझ्याकडं बघायला लागले.
मी मांडीत खूर धरून, तोंडात सहा खिळे.
तोंडात खिळे असले की माणूस खोटं बोलत नाही.
बोलतच नाही.

पकडीनं नाल उचकटली. पुढची, डावी.
बाहेरची कड झिजून विळ्याच्या पात्यासारखी.
उजवी जवळजवळ कोरी.

खिळे हातावर काढले.
दस्तगीर, उजवा गुडघा अजून दुखतो का रे?
त्याचं हसू तिथंच राहिलं.
पडला होता तीन वर्षांमागं. घरी सुद्धा सांगितलं नव्हतं.

तू डावीकडं कलतोस, बाबा.
हा रोज तुला पाठीवर सावरून मधे आणतो,
आणि लोक म्हणतात, काय सरळ बसतो स्वार.

गुरलिंगप्पांनी मांडीवर थाप मारली. बघा! रक्त!

मालक, म्हटलं, ह्याचा सख्खा भाऊ
तुम्ही बँडवाल्याला विकला.
तेच रक्त, तोच देवमण.
त्याचे चारी खूर दर महिन्याला माझ्या मांडीत असतात.
पुढचं विचारू नका.

नवी नाल ठोकली. अर्धे पैसे मिळाले, अर्धे वहीत.

गड्डा उठल्यावर दस्तगीर एकटाच आला.
उजवी रिकीब एक भोक आखूड केलेली.
बोलला नाही काही.
घोड्यानं आपणहून पाय वर दिला.

नाल काढली, उन्हात धरली.
झीज अजून डावीकडंच,
पण थोडी कमी. नखाएवढी.

फांदीला टांगली,
आधीच्या शेजारी.