पाचवी वायर

हेलेडने गाडी आतून सोलून काढलीय:
गालिचा, हीटर, मागची सीट, छताचं कापड.
मूळ वायरिंगचं जुडगं काट्यावर टाकलं, अकरा किलो भरलं,
तेव्हा ती अशी हसली
जणू कुणाची उसनवारी फिटली.

पण नियम म्हणतो, वायपर चालला पाहिजे.
आणि हे अँगलसी.
इथे पाऊस समुद्रावरून आडवा येतो,
शर्यतीची तारीख बघून नाही.

मोटरमधून पाच वायरी निघतात.
एक अर्थ, एक हळू, एक जोरात,
एकीत कायमचा करंट.
पाचवी कशाला, म्हणून इद्वलने पक्कड पुढे केली:
"बटण आहे ना? चालू. बंद. झालं."

तिने पाचवी अंगठ्याखाली दाबून धरली.
बटण बंद केल्यावरही ही थोडा वेळ जागी राहते,
काचेच्या मधोमध राहिलेल्या पात्याला
खालपर्यंत पोचवून येते,
मगच विझते.

"वजन?"
"चाळीस ग्रॅम."

इद्वलने पक्कड खिशात घातली.
बोटीवरची त्याची नोकरी मार्चात सुटली,
अजून पहाटे सहाला तो होलीहेडच्या धक्क्यावर जाऊन येतो.

शेडमधल्या किटलीने तिने काचेवर पाणी ओतलं.
पातं दोनदा कुरकुरलं, फिरलं,
आणि बंद करताच नेमकं उलटं,
वर जाऊन ताठ उभं राहिलं.
दोघंही हसली.
मग तिने नट सैल केला, पातं उचललं,
खालच्या कडेला टेकवून आवळलं.

"आता कर बंद," ती म्हणाली.