रकाना

हडर्सफील्डच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर
ब्रॉनाह मला 'लव्ह' म्हणते आणि फॉर्म भरते.
छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ, कापलेली नखं.
लुपस म्हणजे माझंच अंग माझ्यावर फिर्याद घेऊन उभं,
एवढं आता मला पाठ झालंय.
आता स्टेरॉइड. पाचाच्या आठ गोळ्या, रोज.
भांडण मिटवते ती,
पण दारावरच्या राखणदारालाही गुंगी देते.
म्हणून आधीच विचारून ठेवायचं:
घरात कधी कुणाला टीबी?

नाही, मी म्हणाले.
चटकन. विमानतळावरच्या खिडकीशी म्हणतात तसं.

तरी तिनं रक्त घेतलंच.
फोटोत फुप्फुसं स्वच्छ निघाली,
रक्त मात्र म्हणालं, आहे.
'आहे, पण निजलाय,' ब्रॉनाह म्हणाली,
'तू आजारी नाहीस, लव्ह, तुझ्यापासून कुणाला धोकाही नाही.
फक्त स्टेरॉइडनं तो जागा होऊ नये, एवढंच बघायचं.'
आयसोनियाझिड. सहा महिने. उपाशीपोटी.
सोबत बी-सिक्स, बोटांना मुंग्या येऊ नयेत म्हणून.
यकृतासाठी अधूनमधून रक्त.
रिफाम्पिसिन नको, ते स्टेरॉइडच खाऊन टाकतं.
मी मान डोलवत होते
आणि मनात घर हुडकत होते:
कोण खोकत होतं?

आईला फोन केला.
'आपल्यात? छे. कुणी सांगितलं तुला?'
आणि मग भाजीचे भाव.

बाहेर उतारावरची घरं, दगड अजून काळे,
गिरण्या बंद होऊन किती वर्षं झाली तरी
धूर काही दगडातून निघालेला नाही.
आठवड्यातून दोनदा ऊन पडतं इथं,
त्यालाही मी मलम लावून, टोपी घालून सामोरी जाते.

चौथ्या दिवशी फोन वाजला.
तिकडे पहाटेचे साडेचार.
आई दबक्या आवाजात, बहुतेक मोरीचं दार लावून:
'तू अडीच वर्षांची होतीस.
मला झाला होता.'

मी बी.एड. ऐकत आले होते.
आई बी.एड.ला मिरजेला गेली
म्हणून मी मावशीकडे राहिले,
म्हणून मला मावशीच्या कुशीचा वास
आईच्या आधी आठवतो.

'शाळा नव्हती गं, दवाखाना होता.
इचलकरंजीत लोक म्हणायचे,
मागातलं रुवाड छातीत गेलंय.
तुझे बाबाही तेच सांगत फिरले.
तुझ्या आत्याचं लग्न व्हायचं होतं.
माझं ताट, माझा तांब्या वेगळा,
परत आल्यावरही.
सुया, गोळ्या, दीड वर्ष म्हणाले होते.
चौदा महिन्यांनी सोडल्या.
बरं वाटत होतं ना.'

मग बराच वेळ नळ ठिबकल्याचा आवाज.

'जायच्या आधी तुला जवळ घेऊनच निजायचे मी.
कळलंच नव्हतं तोवर.'

काय बोलायचं असतं अशा वेळी?
मी म्हटलं, आई, इथं ताट वेगळं करत नाहीत.
ती म्हणाली, 'गोळ्या मात्र मोजून घे.
बरं वाटलं तरी.'

आता सकाळी साडेसहाला तीन पांढऱ्या,
मग अर्धा तास चहाची वाट.
नाश्त्यानंतर उरलेल्या आठ.
गालांवरचं फुलपाखरू फिकं होतंय
आणि गाल पुरणपोळीसारखे फुगतायत.
साडेसहाला तिकडे अकरा-बारा वाजलेले असतात.
फोन एकदाच वाजून बंद होतो.
उचलायचा नाही, असं ठरलेलं नाही, पण मी उचलत नाही.

महिन्यानं ब्रॉनाहकडे.
म्हटलं, त्या दिवशीचं उत्तर बदलायचंय.
तिनं कपाळाला आठी घातली नाही.
खोडलं, वर लिहिलं: आई, १९८४.
'कुठे?'
मी सांगितलं.
'स्पेलिंग, लव्ह?'
एकेक अक्षर सांगत गेले,
ती लिहीत गेली.
रकाना पुरेना,
तेव्हा तिनं कागद फिरवला
आणि समासातून वर चढत गेलं
माझ्या गावाचं नाव,
इथल्या रस्त्यांसारखं, धापा टाकत.