पान एक्केचाळीस

लाल फाइल दरवर्षी मार्चमध्ये सुधारतात,
म्हणजे वरची तारीख बदलतात.
रात्री पावणेतीनला नदी पुलाच्या कमानीला टेकली
तेव्हा नेरिसनं पान एक्केचाळीस उघडलं.
निवारा केंद्र: चॅपेलमागचा हॉल.
किल्ली: इद्रिस प्रॉबर्ट. खाली नंबर.

फोन बराच वेळ वाजत राहिला.
मग बाईचा आवाज, आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत:
'त्याला जाऊन दोन वर्षं झाली.
तुमच्या कौन्सिलनं फुलं पाठवली होती की.'

भिंतीवरच्या नकाशात पूर
अजून बाजाराच्या अलीकडेच थांबलेला,
बाहेर तो बेकरीत शिरून पाव तरंगवत होता.
नेरिसला माफीसुद्धा धड मागता येईना.

'किल्ली बिस्किटांच्या डब्यात आहे,' पलीकडून आलं.
'थांब. बूट घालते.'

साडेतीनला हॉलचे दिवे लागले.
एकशे बारा माणसं, नऊ कुत्री,
आणि एक पोपट, शिव्या देणारा,
ज्याची तरतूद कुठल्याच पानावर नव्हती.
ब्लँकेटं साठच निघाली.

उजाडल्यावर नेरिसनं पेन काढलं,
इद्रिसच्या नावावर टेकवलं,
आणि खोडलं नाही.
शेजारच्या कोऱ्या जागेत लिहिलं:
ओल्वेन, बायको. पायी येते.
किल्लीची दुसरी प्रत करून घेणे.