मध्यंतरानंतर

कोथरूडच्या थिएटरात दुपारचा खेळ.
सुधन्वादादा माझ्या शेजारी, जी-सातवर.
निघण्याआधी त्याने तीनदा भांग पाडला.
पडद्यावरच्या वेड्याचे केस मात्र
पहिल्याच दृश्यात विस्कटलेले.

कॅमेरा तिरका होतो, व्हायोलिनं किंचाळतात,
तो आरशावर डोकं आपटतो.
मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसतं.
दादाही हसतो, मग माझ्याकडे बघतो,
हसायचं होतं ना, अशा नजरेने.

त्याच्या हातून पॉपकॉर्न सांडतं.
लिथियमचा कंप, बाकी काही नाही.
दर तीन महिन्यांनी रक्त द्यायला
आम्ही सकाळी सातला कर्वे रोडला जातो,
मग तो इडली खातो, सांबार वेगळं मागून,
दंडावरचा कापूस तसाच दाबून धरत.
बारा वर्षं.
याला कुठलं पार्श्वसंगीत लावणार?

मध्यंतरानंतर नायकावर एक मुलगी प्रेम करते
आणि तो बरा होतो.
साधारण वीस मिनिटांत.

पार्किंगमध्ये हेल्मेटचा पट्टा
चौथ्या खेपेला लागला.
(पुण्यात मागे बसून हेल्मेट घालणारा
हा एकटाच असावा.)
"अख्ख्या पिक्चरमध्ये," दादा म्हणाला,
"त्याला गोळ्या कुणी दिल्याच नाहीत गं.
बहीण नव्हती वाटतं."

मी गाडी काढली. काही बोलले नाही.
नळस्टॉपच्या सिग्नलला त्याने
मागून खांद्यावर टकटक केलं,
"यात केस विस्कटत असतील ना?"